अक्कांची विहीर आणि रिकामा कॅन

काळजी करायला मला कारण लागत नाही, असं शोभाचं मत आहे. शोभा म्हणजे माझी बायको, आणि तिचं मत आमच्या घरात निकाल म्हणूनच धरलं जातं. या वेळी मात्र कारण होतं, आणि ते अडीच महिन्यांचं होतं. आमची नात मैत्री. लेकीचं, प्राचीचं, बाळंतपण आमच्याकडे वारज्याला झालं. आता दोघींना सासरी पोचवायचं होतं.

सासर दौंड तालुक्यात, मुळा-मुठेच्या काठी. गावाचं नाव लिहीत नाही, ते का हे वाचलंत की कळेल. जावई नितीन खराडीला आयटीत होता. वडील गेल्यावर नोकरी सोडून तो आईच्या जोडीला शेतावर गेला. ही आई म्हणजे आमच्या विहीणबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. मैत्रीच्या नामकरणाला त्या आल्या तेव्हा सोबत वीस लिटरचा निळा कॅन होता, स्वतःच्या विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. "पाव्हण्यांना तुमचं ते औषधाचं पाणी नका देऊ," म्हणाल्या. "आमचं द्या."

तो कॅन परत न्यायचा होता. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा शोभाचाही कायदा आणि अक्कांचाही. म्हणून शोभाने त्यात मूठभर तांदूळ टाकले. मी माझ्या पिशवीत थर्मामीटर, ताप उतरवायचे थेंब, दोन टॉर्च आणि माशांच्या टाकीचं पाणी तपासायच्या पट्ट्यांची डबी टाकली.

"माशांचं सामान कशाला?" शोभाने विचारलं.

"असू दे."

"तिकडे जाऊन कुणाच्या पाण्यात बोट घालू नका. आपण मुलीकडचे आहोत."

हे वाक्य मला पुढचे तीन दिवस पुरलं.

शनिवारी सकाळी निघालो. जानेवारी संपत आला होता, हवेत छान गारवा होता, म्हणजे बाळाच्या छातीची काळजी. ज्यांना या बाजूला जायचंय त्यांनी हडपसरमधून जाण्याचा शूरपणा करू नये. कात्रज, कोंढवा, मंतरवाडी करत सोलापूर रस्त्याला लागा. खड्डे आहेत, पण गाडी निदान पुढे सरकते. यवतला मिसळ खाल्ली, तिघांचं मिळून तीनशेच्या आत भागलं. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर दिवसभर तिचीच आठवण येत राहते. पुढे चौफुल्याला डावीकडे वळून केडगावचा रस्ता धरला. इथे गुऱ्हाळं लागतात. गूळ घ्यायचा तर काळपट घ्या. पिवळाधमक गूळ दिसतो छान, पण एवढा गोरा तो जन्मतः नसतो. काकवी मात्र डोळे मिटून घ्या.

डिकीत तांदूळ प्रत्येक खड्ड्याला खुळखुळत होते. मैत्री त्या आवाजावर झोपली.

गावाच्या अलीकडे नदीवर पूल आहे. पुलावर काच खाली करू नका, असा माझा सल्ला आहे. मी केली. पाणी दिसतच नव्हतं, नुसती जलपर्णी, आणि जिथे मोकळं होतं तिथे साबणाचा मळकट फेस. वास असा, की प्राचीने पदराने बाळाचं तोंड झाकलं. पुलापलीकडे चहाची टपरी आहे. तिथे थांबलो तर टपरीवाल्याने गाडीचा नंबर बघितला.

"पाव्हणं पुण्याचं का?"

"हो. वारज्याचे."

"मग वळखीचं आसंल पाणी," तो नदीकडे मान करून म्हणाला, आणि चहा गाळायला लागला.

आमच्या मोरीचं, आमच्या संडासाचं, सगळ्या पुण्याचं होतं ते. तरी मी विचारलं, "हे शेताला देतात?"

"देणार न्हाय तर काय. ऊस काय नाक धरतोय व्हय?"

चहा चांगला होता. मी निम्मा टाकला. त्याने तो कुठल्या पाण्याचा केलाय, हे विचारायचा धीर झाला नाही.

अक्का दारात उभ्याच होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाला उचललं आणि थेट आत नेऊन भगवान बुद्धांच्या फोटोपुढे धरलं. मग डोळे पुसत बाहेर आल्या आणि आमच्या हातात पाण्याचे तांबे दिले. "प्या दादा. ह्ये नदीचं न्हाय. आपल्या विहिरीचं हाय." पाणी गार आणि गोड होतं. खरंच गोड होतं, हे मला मुद्दाम नोंदवायचंय.

विहीर घरामागेच आहे, दगडाने बांधलेली, आत उतरायला पायऱ्या. संध्याकाळी तिच्या काठावर बसून अक्कांनी तिची गोष्ट सांगितली. त्यांच्या सासऱ्यांनी ती खणली. त्या काळी गावच्या आडावर यांना पोहरा टाकू देत नसत. बायकांनी रिकामे हंडे घेऊन उन्हात बसायचं, कुणाला दया आली तर त्याने वरून पाणी ओतायचं. "मामंजी म्हनले, आता माझ्या घरातलं कुनी पान्यासाठी हात पसरनार न्हाय. सुरुंगाला पैसं न्हवतं. पहारीनं फोडलाय ह्यो दगुड." त्यांनी कठड्यावर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, नदीची भीती मिटली. घरची विहीर आहे, उत्तम आहे. तेवढ्यात आतून मैत्री रडली. प्राचीचं दूध तिला पुरत नाही, महिन्याभरापासून पावडरचंही द्यावं लागतं.

"पान्याचं कसं करू दादा?" अक्कांनी मला विचारलं. काळजीतला मुरलेला माणूस म्हणून माझी ख्याती तिथपर्यंत पोचली होती.

"उकळून घ्या. चांगलं खळखळून."

"काढा आटवते तसं आटवते," अक्का म्हणाल्या आणि चुलीवर पातेलं चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर खरंच भरलं पातेलं निम्म्यावर आणलं होतं. मला त्यांचं कौतुक वाटलं. असं पाहिजे, म्हटलं मी शोभाला. पुण्यात कोण एवढं करतं?

रविवारी नितीनने शेत दाखवायला नेलं. बघण्यासारखं आहे, खोटं कशाला बोलू? डोक्यावर गेलेला ऊस, मध्ये सरळ रेघेत सऱ्या, पाटाने पाणी सोडलेलं. पाणी सोडलेलं म्हणजे मोकाट सोडलेलं. सऱ्या तुडुंब, बांधापर्यंत चिखल.

"पूर्वी इथे मधूनच एक चर होता बाबा," नितीन सांगत होता. "घराच्या अलीकडून वळून नदीकडे जाणारा, वाकडातिकडा. नुसती डेड स्पेस. मागच्या वर्षी जेसीबी लावून बुजवला. चार सऱ्या वाढल्या, आणि प्लॉट कसा क्लीन झाला बघा."

क्लीन झाला होता खरा. पण घराकडच्या सखल कोपऱ्यात ऊस पिवळा आणि बुटका होता, आणि खालच्या मातीवर पांढरा थर आला होता, मीठ सांडावं तसा. मी वाकून बोट लावलं.

"ते जरा खारवून चोपण झालंय. म्हणून तिथे युरिया जास्त टाकतो."

"किती जास्त?"

"सगळे टाकतात तेवढा. वरून एक गोणी." मग तो हसला. "पुढच्या वर्षी ड्रिप करायचंय. सबसिडीचा अर्ज केलाय."

सखल कोपऱ्याच्या पलीकडे गोठा, गोठ्याला लागून उकिरडा, आणि उकिरड्यापासून हाकेच्या अंतरावर विहीर. सगळा उतार तिकडेच होता. पूर्वी चरातून बाहेर जाणारं पाणी आता कुठे जात असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला. मला घरची माशांची टाकी आठवली. टाकीत घाण आणि उरलेलं खाणं साचलं की पाण्यात नायट्रेट वाढतं. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसतं, मासे मात्र मरतात. युरियाचं आणि शेणाचंही शेवटी पाण्यात तेच होतं.

घरी आलो. अक्का गोठ्यात होत्या, प्राची अंघोळीला गेली होती. मी चोरासारखा स्वयंपाकघरात शिरलो. आधी आमच्या गाडीतल्या बाटलीत उरलेल्या वारज्याच्या पाण्यात पट्टी बुडवली. फिकट, जवळजवळ पांढरी. मग माठातल्या पाण्यात, म्हणजे विहिरीच्या. पट्टी गुलाबी झाली, चांगलीच गडद. एवढी गडद माझ्या टाकीत झाली असती तर मी त्याच दिवशी पाणी बदललं असतं. मग म्हटलं, ठीक आहे, बाळाला आपण उकळलेलं देतोय. जिवाला बरं वाटावं म्हणून तिसरी पट्टी पातेल्यातल्या पाण्यात बुडवली.

ती त्याहून गडद झाली.

पट्टी खराब असेल म्हणून दुसरी घेतली. तीही तशीच. अंगणात जाऊन वारज्याच्या आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला, त्यांना माझा नंबर पाठ आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं ते असं: नायट्रेट उकळून जात नाही. जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे पाणी उलट अधिक वाईट होतं. मोठ्यांना सहसा लगेच काही होत नाही, पण एवढ्या लहान बाळाच्या रक्तात त्याने प्राणवायू नीट वाहून नेला जात नाही. पट्टी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पाणी नीट तपासून घ्या, पण तोवर त्या विहिरीचं पाणी बाळाच्या दुधाला वापरू नका. ओठ किंवा नखं निळसर दिसतात का? दिसली तर तडक दवाखाना.

मी आत पळालो. मैत्री पाळण्यात जागी होती. ओठ गुलाबी होते. की जांभळट होते? खिडकीचा पडदा निळा होता, त्या उजेडात सगळंच निळं दिसत होतं. मी पडदा ओरबाडून बाजूला केला. तेवढ्यात अक्का आल्या, पातेल्यातलं पाणी बाटलीत ओतलं आणि पावडरचा डबा उघडला.

"अक्का, थांबा. ते पाणी देऊ नका तिला."

"का? उकळलंय की. तुमीच सांगितलं."

"मीच सांगितलं. चुकलं माझं. उकळून ते आणखी वाईट झालंय." आणि मग ते वाक्य, जे तीन दिवस तोंडातून काढायचं नव्हतं, ते बाहेर पडलं. "विहिरीचं पाणी बाळाला चालणार नाही."

शोभा दारात होती. तिने डोळे मिटून घेतले. प्राची ओल्या केसांनी आली, तिने पट्ट्या बघितल्या आणि माझ्यावर भडकली. "बाबा, तुम्ही इथे माशांच्या पट्ट्या घेऊन आलात? इथल्या पाण्यासाठी?" नितीन म्हणाला, नदीचंच पाणी मुरत असेल, पुण्याच्या घाणीचं आमच्यावर कशाला? त्यात काही अंशी तथ्य असेलही. पण नदी दूर होती आणि युरियाची गोणी दारात होती. मी तसं म्हणालो.

अक्कांनी बाटली रिकामी केली. पातेलंही उचललं आणि दारातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं. "तुमच्या बाटलीतलं पानी द्या लेकराला," एवढंच म्हणाल्या आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

उरलेलं वारज्याचं पाणी उकळून, निववून मैत्रीला दूध दिलं. दुपारी तिला घेऊन केडगावला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं, बोटाला चिमटा लावून प्राणवायू तपासला आणि बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलं. एखाद-दोन दिवसांचंच पाणी होतं, वेळेत थांबवलंत, म्हणाले. येताना बाटलीबंद पाण्याचा खोका घेतला, लेबलवर लहान मुलांना चालेल का ते वाचून वाचून. दुकानदार कंटाळला. तुम्हीही वाचा, तो कंटाळला तरी.

अक्का विहिरीवर बसल्या होत्या. मी जाऊन थोडा लांब बसलो. माफी मागायची होती, पण कशाची मागायची हे ठरत नव्हतं.

"गावानं बाटवलं आसतं तर सोसलं आसतं," त्या म्हणाल्या. "शेरानं बाटवलं आसतं तरी. आमीच घातलं व्हय यात?"

"सगळेच घालतात अक्का. दिसत नाही ते."

"त्यो चर मामंजींनीच काढला व्हता. विहीर झाली त्याच वर्षी. ह्यो विहिरीचा राखनदार हाय, म्हनायचे. आमाला वाटायचं, म्हातारा उगं बोलतोय. बुजवताना मी बी चा घिऊन गेल्ते जेसीबीवाल्याला."

रात्री जेवणं झाली, म्हणजे ताटं वाढली गेली आणि उचलली गेली. भरीत अप्रतिम होतं आणि त्याचं कौतुक करायची कुणाची हिंमत झाली नाही.

सोमवारी निघताना मी प्राचीला बाजूला घेतलं. बाळाला घेऊन पुण्याला चल म्हटलं, पाण्याचं मिटेपर्यंत. ती म्हणाली, "आज मी बॅग उचलली ना बाबा, तर अक्का परत कधी आपल्याकडे पाणी पिणार नाहीत. मी इथेच राहते. पाणी विकत आणू." बरोबर बोलत होती, आणि तिचं बरोबर असणंच मला नको होतं.

नितीनने विहिरीच्या पाण्याची बाटली भरून दिली, पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासायला. माझ्या नजरेला नजर देत नव्हता, पण बाटलीवर तारीख आणि जागा नीट लिहिली होती. अक्का निळा कॅन घेऊन आल्या. दर वेळी तो दोन हातांनी, वाकून, पाण्याने जड असा येतो. या वेळी तो त्यांच्या एका बोटाला अडकलेला होता. डिकीत ठेवला आणि झाकण आपटून लावलं. मैत्रीला माझ्याकडे एकदा दिलं, परत घेतलं, "जयभीम दादा" म्हणाल्या आणि आत गेल्या.

परतीचा रस्ता तोच, पूल तोच, वास तोच. पण डिकीतून आवाज येत नव्हता. चौफुल्याला मी गाडी बाजूला घेतली, डिकी उघडली, कॅन हलवून बघितला. आत काही नव्हतं. पाणी सोडा, तांदळाचा दाणा नव्हता.

"रिकामा दिलाय," मी शोभाला म्हणालो.

"बघितलं मी."

"अक्कांनी रिकामा दिलाय शोभा. त्यांनी. म्हणजे संपलं."

"गाडी चालवा," ती म्हणाली. पण यवत आलं तरी मिसळीचं नाव तिने काढलं नाही, तेव्हा मला कळलं की तीही घाबरली आहे. एखाद्याच्या घरात तुम्ही पाण्याला नावं ठेवून आलात, आणि त्या घरात तुमची लेक आहे, नात आहे. मंतरवाडीपर्यंत मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. एकही पुरं होत नव्हतं.

वारज्याला पोचलो, माशांना खाणं घातलं, चहा टाकला. तेवढ्यात अक्कांचा फोन. शोभाने उचलून माझ्याकडे दिला, उंदराला शेपटीने धरून द्यावं तसा.

"पोचला का दादा?"

"पोचलो. मैत्री कशी आहे? ओठ बघितले का?"

"बघितलं. मी बी बघती आता, घडीघडीला. तुमचा रोग लागला." पुढे म्हणाल्या, "नितीननं जेसीबी सांगितलाय. चार सऱ्या मोडाव्या लागतील, ऊस गेला तर गेला. उकिरडा बी हलवतोय. विहीर ताळ्यावर यायला किती दिस लागतील?"

"माहीत नाही अक्का. एक-दोन पावसाळे जातील कदाचित. तपासत राहावं लागेल."

"हं." मग म्हणाल्या, "त्यो कॅन पोचला का?"

"पोचला."

"रिकामा हाय त्यो."

"हो. बघितलं."

"मंग?" अक्का म्हणाल्या. "रिकामं भांडं कुनाचं परत करायचं नसतंय, ठावं हाय ना तुमाला? रविवारी या."

फोन ठेवला. मी शोभाला सांगितलं. तिने कॅन उचलून मोरीत नेला आणि घासायला घेतला, आतून, बाटलीच्या ब्रशने, बराच वेळ.

या सहलीतून काय उरलं, असं कुणी विचारलं तर काकवीची बाटली आहे, अर्धी संपली. काळजी आहे, ती कमी झालेली नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यातही विहिरीचं पाणी लहान बाळाला देऊ नये असंच लिहिलंय. तुमच्यापैकी कुणाच्या शेतात विहीर असेल आणि घरात तान्हं असेल, तर एकदा पाणी तपासून घ्या, उकळण्यावर भरवसा ठेवू नका, आणि शेतातला एखादा जुना चर वाकडा दिसतो म्हणून बुजवू नका. एवढं सांगण्यासाठीच हे लिहिलं.

आता दर शनिवारी आमच्या नळाखाली निळा कॅन लागतो. मी त्यात पट्टी बुडवतो, शोभा कपाळाला हात लावते. वारज्याचं पाणी मोरीतून, मुठेतून, त्या पुलाखालून अक्कांच्या गावाला कायमच जात होतं. आता त्यातलं थोडं कॅनमधून जातं. झाकण घट्ट लावून मी ते आदल्या रात्रीच डिकीत ठेवून येतो.